गाडी दीड बोट खाली

आमच्या गाडीच्या मागच्या टायर आणि मडगार्डच्या मधल्या फटीत एकदा कोंबडीनं अंडं घातलं होतं. ज्यांना खोटं वाटत असेल त्यांनी खुशाल खोटं मानावं. ते अंडं मी स्वतः तळून खाल्लंय आणि त्यात दोन बलक होते.

गाडी म्हणजे दोन दारांची, लाल, जपानी बनावटीची स्पोर्ट्स कार. पुण्यातल्या एका गृहस्थाला परदेशी जायची घाई झाली होती, आणि मला जन्मात एकदा तरी जमिनीला ढुंगण टेकेल अशा गाडीत बसायचं होतं. दोघांची गाठ पडली. गाडी देवळाली प्रवऱ्याला आणली, दुकानासमोर लावली, चार पावलं मागं जाऊन बघितलं आणि कपाळाला हात लावला. आपल्याकडचे रस्ते बघून कंपनीनं तिला आधीच उंच करून पाठवली होती. धड चित्त्याचं आणि पाय करडाचे. त्या फटीत माझी मूठ जात होती. मूठ जाऊन वर पाहुणचाराला जागा उरत होती.

माझं पेंडीचं दुकान आहे. सरकी पेंड, भुसा, गोळी पेंड. पेंड घ्यायला येणारा माणूस घाईत नसतो, त्यामुळं तालुक्यातल्या सगळ्या विषयांचा निकाल आमच्या ओट्यावर लागतो. गाडी बघून एकानं विचारलं, ही चिखलातून उठलेली म्हैस कुणाची? दुसरा म्हणाला, म्हैस कशाला, निवडून आलेला सरपंच वाटतोय, पाय जमिनीला न्हाईत. त्या क्षणी मी ठरवलं. गाडी खाली बसणार. जग इकडचं तिकडं झालं तरी बसणार. त्यासाठी मूळच्या स्प्रिंगा काढून बुटक्या, कडक स्प्रिंगा टाकतात, त्यांना लोअरिंग स्प्रिंग म्हणतात, एवढं मला माहीत होतं. कोणत्या टाकायच्या हे माहीत नव्हतं.

माझा थोरला भाऊ शेती बघतो. ऊस, कांदा आणि हल्ली डाळिंब. आम्ही एकत्र राहतो, एका चुलीवर जेवतो, आणि दादाला विचारल्याशिवाय आमच्या घरात मांजरसुद्धा विते की नाही याची मला शंका आहे. दादाला पिकअप हवी होती. ठिबकच्या नळ्या, खताच्या गोण्या, डाळिंबाचे क्रेट, सगळं तिच्यात बसतं. माझ्या गाडीत दादाच्या मते फक्त हसं बसत होतं. मी स्प्रिंगांचं काढलं तेव्हा तो ओट्यावर भरल्या माणसांत म्हणाला, "लोकं गाडी उचलून घ्यायला मिस्तरीकडं जात्यात. हा पाडून घ्यायला चाललाय."

हशा झाला. मी हसण्यावर नेण्यातला नाही. मी म्हणालो, पाडून घेतो आणि चालवूनही दाखवतो.

तिथंच बोली झाली. दादा दर शनिवारी शिंगणापूरला जातो. ऊन असो, पाऊस असो, घरात लग्न असो. दादा म्हणाला, स्प्रिंगा टाक, एका शनिवारी मला शिंगणापूरला ने आणि आण. वाटेत गाडीचं पोट कुठंही टेकलं, की सोमवारी गाडी विकायची आणि पिकअप आणायची. नाही टेकलं, तर तो या गाडीबद्दल पुन्हा तोंड उघडणार नाही. दादाचं तोंड बंद होणं म्हणजे मुळा धरणाचे सगळे दरवाजे एकदम बंद होणं. मी हो म्हणालो. पेंडीची पोती सोडून बाकी सगळे साक्षीदार जिवंत आहेत.

मग मी नगरला गेलो, पाट्याच्या कामाला नावाजलेल्या चाचांकडं. पाटे म्हणजे ट्रकच्या खाली एकावर एक बसवलेल्या पोलादी पट्ट्या. आमच्या जिल्ह्यात गाडीचं सस्पेन्शन म्हणजे पाटे, आणि पाट्यांचं काम म्हणजे एक वाढवणं. उसाचा ट्रक असो, ट्रॉली असो, कांद्याची पिकअप असो, गाडी वाकली की पाटा वाढवायचा, उचलायची, पुन्हा दुप्पट भरायची. चाचांच्या तीन पिढ्यांनी उचललेल्या गाड्या एकावर एक ठेवल्या तर चांदबिबीच्या महालाच्या वर जातील. मी म्हणालो, चाचा, मला खाली करायचीय. चाचांनी हातोडा ठेवला. कानाला हात लावून पुन्हा विचारलं. मग शेजारच्या दोन गॅरेजांतली माणसं बोलावली आणि मला त्यांच्यासमोर परत म्हणायला लावलं.

चाचा म्हणाले, एवढंच ना, ग्राइंडर लावतो, स्प्रिंगेचे दोन वेढे उडवतो, चहा येईपर्यंत गाडी खाली. मी नको म्हणालो. कापलेली स्प्रिंग चाक खड्ड्यात लोंबलं की जागा सोडते आणि मग गाडी एकीकडं, स्प्रिंग दुसरीकडं जाते, हे मी वाचलं होतं. चाचा दुखावले. म्हणाले, मग आधी पोती टाकून बघ, नेमकी किती खाली पायजे ते तरी कळंल.

हा सल्ला मला फार आवडला, कारण माझ्याकडं पोती होती. दुसऱ्या दिवशी दुकानासमोर मी गाडीत सरकी पेंड भरायला घेतली. एक पोतं पुढं, दोन मागं, एक डिकीत. गाडी हळूहळू बसायला लागली. मूठ जायची तिथं चार बोटं जाऊ लागली, मग तीन, मग दोन. काय दिसत होती! ओट्यावरची माणसं पहिल्यांदा गप्प झाली. एका म्हाताऱ्यानं तर चप्पल काढून नमस्कार केला, असं मी सगळ्यांना सांगतो.

त्या खुशीत तशीच गाडी काढली आणि राहुरीकडं निघालो. पहिल्याच गतिरोधकावर खालून असा आवाज आला, की जणू कुणी पत्र्याच्या शेडवरून नांगर ओढतंय. मी गुपचूप परत फिरलो. पण आमच्याकडं बातमी गाडीच्या पुढं धावते. घरी पोचलो तर दादा दारात उभा होता आणि त्याच्या मोबाईलवर पिकअपचे फोटो होते.

"झालं की मग," दादा म्हणाला.

काही झालं नव्हतं, स्प्रिंगा अजून टाकायच्याच होत्या. पण ते दादाला पटवण्याआधी मला स्वतःला पटवावं लागलं, आणि त्यात माझी झोप गेली. शेवटी उत्तर तालमीत सापडलं. लहानपणी मी तालमीत जायचो, मुख्यतः बदाम खायला. हमाल पाठीवर ओझं घेऊन वाकतो तेव्हा तो खाली दिसतो. पैलवान पवित्रा घेऊन वाकतो तेव्हा तोही खाली दिसतो. पण हमालाच्या पाठीवर आणखी एक पोतं टाका, तो बसतो. पैलवानाच्या अंगावर माणूस टाका, तो माणूसच उताणा पडतो. पोती भरलेली माझी गाडी हमाल होती. मऊ स्प्रिंगा आधीच दबलेल्या, धक्का बसला की आणखी दबणार, टेकणारच. मला गाडीचा पैलवान करायचा होता. खाली, पण कडक.

हे मी जेवताना मांडलं. दादानं भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाला, पैलवान कर न्हाईतर वस्ताद कर, शनिवारी पोट टेकता कामा नये. बायको म्हणाली, अहो, पण रस्ता कुठं मोजलाय तुम्ही? सगळं गाडीचंच मोजताय.

खरं होतं. मग मी रस्ता मोजायला निघालो.

आमच्याकडं गतिरोधक सरकार थोडेच घालतं, आणि बाकीचे माणसं घालतात. ज्याची शेळी गाडीखाली आली, त्याच्या दारात महिनाभरात उंचवटा उगवतो. दोन भावांत वाटणी झाली की उंचवट्याचीही होते, एकाचे दोन होतात. वाटेत एक असा आहे की त्यावर उभं राहिलं की मोबाईलला रेंज येते. मी प्लायवूडचा लांब तक्ता घेतला, तो गाडीच्या पोटाच्या आकाराचा कापला, पुढं नाक काढलं, आणि दोन टोकांना गाडीच्या चाकांएवढ्याच अंतरावर जुनी चाकं लावली. चाकांसाठी तीन भोकं पाडली. एका भोकात पोट दीड बोट खाली येई, दुसऱ्यात अडीच बोटं, तिसऱ्यात साडेतीन. हे लाकडी पोट भाड्याच्या टेम्पोत टाकून मी शिंगणापूरच्या रस्त्याला लागलो, आणि प्रत्येक गतिरोधकावरून ते ओढून नेलं.

लोकांना वाटलं, साहेब आले. उंबरे गावाच्या पुढं एका वस्तीवर माणसं जमली. एकानं पाणी आणलं, दुसऱ्यानं खुर्ची. मी तक्ता ओढतोय, खाली आडवा पडून फट बघतोय, आणि माझ्यामागं पंचवीस माणसं वाकून बघतायत. एक आजी माझा हात धरून म्हणाल्या, "साहेब, आमच्या दारातला लई बारका हाय. जरा वाढवून द्या." मी तोंडभर हो म्हणालो. हो म्हणायला माझं काय जात होतं? पुढच्या आठवड्यात तो खरंच वाढला आणि त्याचं श्रेय मला मिळालं, ते वेगळं.

साडेतीन बोटांचं पोट पहिल्याच गतिरोधकावर अडकून बसलं. ते काढायला दोघं लागले. अडीच बोटांचं बरंच लांब गेलं, अगदी सोनईच्या अलीकडंपर्यंत, आणि मग त्या रेंजच्या गतिरोधकावर खरवडलं. दीड बोटाचं मात्र सगळीकडून गेलं. गाडी जरा तिरकी घातली, म्हणजे एक चाक आधी चढलं आणि दुसरं मागून, तर खाली बोटभर फट राहत होती. मला कळलं की माझं नशीब एक बोट रुंद आहे.

पुण्याच्या दुकानदाराला फोन लावला. म्हणालो, दीड बोटाच्या स्प्रिंगा हव्यात. तो म्हणाला, सर, बोट नावाचं माप आमच्याकडं येत नाही, पंचवीस मिलिमीटर म्हणायचंय का? मग त्याची गाडी सुटली. सर, पंचवीसमध्ये लुक येत नाही. सर, घ्यायच्या तर चाळीसच्या घ्या, सगळी मुलं त्याच घेतात, काहीजण तर साठ.

"तुमची मुलं दादाला घेऊन शिंगणापूरला जात नाहीत," मी म्हणालो.

त्यावर तो कामाचं बोलू लागला. पंचवीसमध्येही दोन जाती होत्या. एक मऊ, गादीसारखी. दुसरीचे वेढे एका टोकाला जवळजवळ आणि दुसऱ्या टोकाला लांबलांब. सुरुवातीला थोडी दबते, मग वजन वाढेल तशी अडून बसते. मी म्हणालो, ही द्या, हा आमच्या घराण्याचा स्वभाव आहे. आणि आतले दणका खाणारे रबर बुटके घेतले, नाहीतर खाली केलेली गाडी जरा दबताच त्यांच्यावर आदळत राहते. मोह होत नव्हता असं नाही. चाळीसच्या स्प्रिंगांचा फोटो त्यानं मुद्दाम पाठवला होता आणि तो मी देवाच्या फोटोसारखा उघडून बघत होतो. पण मला गाडी फोटोत खाली नको होती, घरात हवी होती.

बसवायचं काम चाचांनीच केलं. कुरकुरत, पण नीट. आपल्याकडं आली त्याहून खाली होऊन गेलेली ही पहिली गाडी, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते. पहिल्यांदा लाजून सांगत होते, दुपारपर्यंत छाती काढून. परतीच्या वाटेवर कळलं की पैलवान खरंच कडक आहे. रस्त्यावर कुणी बिडीचं थोटुक टाकलं असेल तर ते कोणत्या जातीच्या बिडीचं, हे माझ्या पाठीला समजत होतं. बायको पहिल्या फेरीनंतर उतरून आपले दात मोजत बसली. पण दुकानासमोर लावली तेव्हा ओट्यावरून म्हैस हा शब्द आला नाही.

शनिवार उजाडला. दादा तेलाची बाटली, नारळ आणि रुईच्या पानांची माळ घेऊन आला, आणि गाडीत बसायच्या ऐवजी गाडीत उतरला. दादा अंगानं भरलेला आहे. त्याला मी माझ्या हिशोबात अडीच पोती धरलं होतं, आणि अंदाज चुकला नाही. जाताना प्रत्येक गतिरोधकावर तो काच खाली करून कान बाहेर काढायचा. मी तिरकी घालायचो. खालून नुसता वारा. रेंजच्या गतिरोधकावर मी इतका हळू गेलो की एक कुत्रं चाकाला तीनदा वळसा घालून गेलं. दादाचा मोबाईल वाजला, रेंज आल्याची खूण; पण पोट टेकलं नाही. शिंगणापूरला दर्शन झालं, तेल वाहिलं. दादा शिळेसमोर नेहमीपेक्षा जास्त वेळ उभा होता, आणि काय मागत होता ते मला कळत होतं.

परतताना त्यानं डाव टाकला. सोनईच्या स्टँडवर त्याचे व्याही उभे होते, त्याच्या लेकीचे सासरे. राहुरीच्या गाडीची वाट बघत होते. दादानं मला थांबायला लावलं आणि काच खाली केली. "पावनं, बसा की. आपलीच गाडी हाय."

आमच्याकडं व्याह्याला जागा नाही म्हणायची रीत नाही. छप्पर काढून बसवतील, पण बसवतील. मागं नावापुरती एक सीट आहे, तिच्यात कंपनीच्या मते लहान मूल बसतं. व्याह्यांचा घेर उसाच्या मोळीएवढा. दादानं त्यांना ढकलून, दुमडून, अक्षरशः पेरलं. मग आपण बसला आणि माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की जणू पिकअपचा रंगसुद्धा ठरलाय.

मला राग आला. पण मी म्हणालो, येऊ दे. अडून बसणारी स्प्रिंग घेतलीय ती यासाठीच. घामानं स्टिअरिंग निसटत होतं. म्हाताऱ्याला हात धरून पायरी उतरवावी तशी मी गाडी एकेका उंचवट्यावरून उतरवत होतो. रेंजचा गेला. आजींचा, तो वाढवलेला, गेला. त्यावर माझ्या श्वासाएवढी फट होती, मी श्वास धरला म्हणूनच गाडी निघाली. दादाचा चेहरा पडत चालला. वेळ जावा म्हणून तो व्याह्यांशी रस्त्यांवर बोलू लागला. लोकांना अक्कल न्हाई, पावनं. जो उठतो तो पाइपलाइनीला रस्ता खणतो, वर मुरमाचा ढीग टाकतो आणि पळतो. रस्ता म्हंजी सगळ्यांचा. अशा मानसाला धरून त्याच चरात गाडला पायजे. व्याही मागून हुंकार देत होते. हुंकाराएवढीच हवा त्यांना मिळत होती.

राहुरी गेली; घरच्या चहाशिवाय दादा व्याह्यांना उतरू देणार नव्हता. देवळाली दिसू लागली. आमची वस्ती गावाच्या जरा अलीकडं, डांबरी रस्त्याला लागून. घर दिसत होतं. आणि घराच्या अलीकडं, सकाळी जिथं साफ रस्ता होता तिथं, आडवा ताजा चर होता, खणून पाइप टाकून बुजवलेला, वर गुडघ्याएवढा मुरूम. शनिवारी ऑफिसं बंद असतात, हटकायला कुणी येत नाही. म्हणून आमच्याकडं रस्ता खणायचा वार शनिवार. मी ब्रेक मारेपर्यंत पुढची चाकं चढली होती. तिरकी घालायला जागा नव्हती. खालून आवाज आला. लांब, खरखरीत, मुरूम रगडल्याचा. मेलेल्या माणसालाही ऐकू गेला असता.

मला माझी गाडी गेलेली दिसली. लाल रंग, दोन दारं, सगळं. दादा माझ्याकडं वळला, तोंड उघडलं.

तेवढ्यात चराच्या कडेनं आमचेच दोन गडी फावडी टेकत उठले. त्यांतला थोरला हसून म्हणाला, "दादा, तुमी सांगितल्यालं काम झालं बगा. आलं पानी पल्याड, डाळिंबाला."

मागून व्याह्यांनी मान जमेल तेवढी पुढं काढली. "पावनं, कसला आवाज झाला? टेकली व्हय गाडी? कुनाचा हाय ह्यो चर?"

मी काही बोललो नाही. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात कष्टाचं काम ते होतं. फक्त दादाकडं बघत राहिलो, अदबीनं. टेकली म्हणावं, तर कशावर टेकली ते सांगावं लागत होतं. आणि लेकीच्या सासऱ्याला नुकतंच त्यानं सांगितलं होतं की अशा माणसाला कुठं गाडावं. दादाच्या कपाळाची शीर उडत होती. पिकअप त्याच्या डोळ्यांपुढून निघून जाताना मी बघितली, मागचा लाईट लावून.

"कुठं टेकली?" दादा म्हणाला. "मला तर काय ऐकू आलं न्हाई. फावडं पडलं असंल कुनाचं."

"मलाबी न्हाई आलं," मी म्हणालो.

घरी व्याह्यांना उपसून काढलं. बायकोनं चहा ठेवला. चहा होईतो मी गाडीखाली वाकून बघितलं. पोटावर वीतभर ओरखडा, बाकी काही नाही. वर आलो तर दादा जागेवर नव्हता. चरावर उभा होता, धोतर खोचून. गड्याच्या हातातलं फावडं काढून घेऊन तो स्वतः मुरूम खरवडत होता आणि कडेला टाकत होता. गडी म्हणत होता, दादा, राहू द्या, आमी करतो. दादा ऐकत नव्हता.

बऱ्याच वेळानं त्यानं मान वर केली, मला हाताची खूण केली आणि गाडी आण म्हणाला. मी आणली. तो चराशेजारी उकिडवा बसला, गाल जवळजवळ डांबराला लावून, आणि मी त्याच्या डोळ्यांसमोरून गाडी नेली. जरासं खरवडलं.

"मागं घे," दादा म्हणाला. "अजून काढतो."